राखीव तार



चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे आम्ही युनियनचे काम करीत आहोत. तेव्हा अपेक्षा रास्तच होती. पण आम्ही त्यांना विनंती केली की, यंदा आम्हांला एका तारेवर बोलू द्या. ते जरा घोटाळ्यात पडले, मग हसून 'बोला' म्हणाले. आम्ही शाळा नववीत सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि चौकशीच्या खोल्यांत झाले. अशा माणसाने संगणकांच्या जाळ्यावर बोलावे हा आगाऊपणा वाटेल. पण हा विषय आम्ही हौसेने शिकलो नाही. एका माणसाची नोकरी वाचवावयाची होती, म्हणून शिकलो.

गोष्ट २०१३ सालची. आमच्या भागातील एका कारखान्याच्या कचेरीत आमचा एक सभासद सफाईच्या कामावर होता. चौदा वर्षांची नोकरी, हजेरीपुस्तकावर एक लाल शेरा नाही. एका सोमवारी सकाळी झाडताना त्याला दिसले की, कोपऱ्यातील एक टेबल कोणीतरी हलविले आहे आणि संगणकाची एक तार जमिनीवर लोळते आहे. तिचे एक टोक भिंतीतील खोबणीत होते, दुसरे मोकळे. शेजारीच तशीच दुसरी खोबण रिकामी होती. त्याला वाटले, तार निसटली असेल. साहेब येतील आणि खोळंबतील. त्याने मोकळे टोक त्या रिकाम्या खोबणीत बसविले. टक् असा आवाज झाला, बरोबर बसले. तो फडके घेऊन पुढे गेला.

थोड्याच वेळात सारी कचेरी थबकली. संगणक सुरू होते, पण एकाचे दुसऱ्याला ऐकू जाईना. हजेरीचे यंत्र बंद, वजनकाट्याची नोंद बंद, डिस्पॅचची चलने निघेनात. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली. पाच तासांनी ती तार सापडली, आणि तार सापडताच माणूसही सापडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात आरोपपत्र पडले: 'जाणूनबुजून कंपनीचे नुकसान करणे.' तो निलंबित झाला.

तो आमच्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "दादा, मी तर पडलेली वस्तू जागेवर ठेवली." आम्हांला प्रश्न पडला की, चार हातांची एक तार भिंतीत खोचल्याने आख्खा कारखाना कसा थांबतो? विजेची तार चुकीची लागली तर फ्यूज उडतो, दिवे जातात; पण कारखाना उभा राहावा म्हणूनच तर फ्यूज असतो. मग या तारांना फ्यूज नाही काय? उत्तर ठाऊक नसताना चौकशीत काय बोलणार? आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकांची जाळी बसविण्याचे काम करतो. त्याला गाठले. दोन रात्री तो वहीवर आकृत्या काढीत होता आणि आम्ही विचारीत होतो. पुढचे महिनाभर वाचून समजून घेतले. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

संगणकांना एकमेकांशी जोडण्याची जी रीत आज बहुतेक कचेऱ्यांत आहे, तिला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तिची सुरुवात केली. प्रारंभी सर्व यंत्रे एकाच जाड तारेला जोडलेली असत. एक बोलला की तारेवरील सर्वांना ऐकू जाई. ज्याचा निरोप त्याने उचलावा, इतरांनी सोडून द्यावा. पुढे नियम ठरला, की अशा जाड तारेचा एक तुकडा पाचशे मीटरपेक्षा लांब असू नये. मग दोन इमारतींतील दोन तारा जोडावयाच्या कशा? त्यासाठी त्यांच्यामध्ये एक पेटी बसवू लागले. तिला ब्रिज म्हणजे पूल म्हणतात. आज आपण कचेरीत जिला स्विच म्हणतो, ती याच पुलाची अनेक दारांची वंशज होय.

हा पूल मोठा हुशार कारकून असतो. प्रत्येक निरोपावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचाही. पूल पाठविणाऱ्याचा पत्ता वाचून टिपून ठेवतो की, हा गृहस्थ माझ्या डाव्या दाराकडे राहतो. पुढे त्याच्या नावाचे काही आले तर ते डावीकडेच सोडतो. कोणी त्याला यादी दिलेली नसते. ये-जा पाहूनच तो शिकतो. मात्र ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही त्याचा निरोप, आणि सर्वांसाठी असलेली दवंडी, तो आलेले दार सोडून बाकी सर्व दारांतून पुढे पाठवितो.

येथेच घोळ आहे. समजा, दोन इमारतींमध्ये एकाऐवजी दोन पूल बसविले. पहिल्या पुलाने दवंडी पलीकडे नेली. ती दुसऱ्या पुलाने ऐकली. त्याला वाटले की, ही नवीनच आहे, आणि त्याने ती अलीकडे आणली. ती पहिल्याने पुन्हा उचलली. आता ही दवंडी थांबणार केव्हा? कधीच नाही. दूरदूरच्या जाळ्यांतून जाणाऱ्या इंटरनेटच्या पाकिटावर एक आकडा असतो. प्रत्येक मुक्कामाला तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतात. ईथरनेटच्या निरोपावर असा आकडाच नसतो. तो म्हातारा होत नाही, दमत नाही. शिवाय प्रत्येक फेरीत प्रत्येक दारातून त्याची नवी प्रत निघते. बघता बघता सेकंदाला हजारो प्रती धावू लागतात आणि खऱ्या कामाच्या निरोपाला पाय ठेवावयास जागा उरत नाही. पुलाची वहीदेखील बिघडते. कारण एकच माणूस क्षणात डावीकडून येताना दिसतो, क्षणात उजवीकडून. जाणकार याला वादळ म्हणतात.

आम्हांला हे पटावयास वेळ लागला नाही. १९९७ साली एका गेटसभेची वेळ आयत्या वेळी बदलावी लागली. दोन चाळींत दोन कार्यकर्ते धाडले आणि सांगितले, "ज्याला कळेल त्याने पुढच्याला सांगावे." रात्री दहापर्यंत तोच निरोप आमच्याच दारी तीन वेळा ताजी बातमी म्हणून आला! पण माणसे दमतात, 'अहो, हे कळले मघाशी' म्हणून झटकून टाकतात. पेटीला तसे म्हणता येत नाही.

आमच्या सभासदाने नेमके हेच केले होते. भिंतीतील त्या दोन्ही खोबण्यांच्या तारा आतल्या कपाटातील एकाच मोठ्या स्विचकडे जात होत्या. दोन खोबण्या जोडताच स्विचच्या एका दारातून निघालेली दवंडी दुसऱ्या दारातून परत आत येऊ लागली. वर्तुळ पुरे झाले आणि वादळ उठले.

आता आपण म्हणाल की, मग वर्तुळ होऊच देऊ नये; दोन ठिकाणांमध्ये एकच तार ठेवावी. बोलावयास सोपे आहे. पण ती एक तार उंदराने कुरतडली, खोदकामात कुदळीखाली आली, म्हणजे निम्मी कचेरी आंधळी झाली. एकच रस्ता असेल तर तो तुटण्याची भीती. दोन असतील तर वादळाची भीती. दुसरा रस्ता हवा तर आहे, पण पहिला धड असेपर्यंत तो नको आहे. या पेचातून वाट काढली ती एका बाईने.

त्यांचे नाव रेडिया पर्लमन. जन्म १९५१ चा. १९८० च्या सुमारास त्या अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत लागल्या. त्यांच्या वरिष्ठांनी काम सांगितले: टोकाच्या यंत्रांत काहीही न बदलता दोन तारा जोडणारी पेटी करावयाची आहे, ती वाटेल तशी जोडली तरी वर्तुळ होता कामा नये, आणि जाळे कितीही वाढले तरी पेटीला लागणारी स्मरणशक्ती वाढता कामा नये. सांगून वरिष्ठ आठवडाभर रजेवर गेले. बाईंनी पुढे सांगितले आहे की, युक्ती त्याच रात्री सुचली, दोन दिवसांत ती लिहून झाली, आणि उरलेल्या आठवड्यात त्यांनी तिच्यावर एक कविता केली! १९८५ साली निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या माथ्यावर सारांश म्हणून ती कविताच छापली गेली. १९९० साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, जिला आय-ट्रिपल-ई म्हणतात तिने, ही रीत मानक म्हणून स्वीकारली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. म्हणजे सर्वांपर्यंत पोहोचणारे झाड.

झाडच का? आंब्याच्या कोणत्याही दोन पानांमध्ये मुंगीला जाण्याची वाट एकच असते: एका डहाळीवरून खाली, दुसरीवरून वर. वर्तुळ कोठेच नाही, आणि एकही पान वाळीत पडलेले नाही. तारांचे जाळे कसेही गुंतलेले असो, त्यातून असे एक झाड निवडून काढावयाचे आणि बाकीच्या तारा तूर्त मुक्या ठेवावयाच्या, ही ती युक्ती.

पण निवड करावयाची कोणी? सारा नकाशा हाती असलेला साहेब तेथे कोणी नाही. पेट्यांनी आपसांत ठरवावयाचे आहे, आणि प्रत्येकीला फक्त शेजारणीचे बोलणे ऐकू येते. प्रत्येक पेटीला एक क्रमांक असतो. आरंभी प्रत्येक पेटी 'मीच प्रमुख' असे समजते. आमच्या चळवळीतही आरंभ असाच होतो! मग ती शेजारणींना एक छोटी चिठ्ठी पाठविते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी: माझ्या मते प्रमुख कोण, तेथपर्यंतचे माझे अंतर किती, आणि मी कोण. ज्या पेटीला आपल्याहून लहान क्रमांकाचा प्रमुख ऐकू येतो ती तत्काळ आपला दावा सोडते आणि ऐकलेलेच पुढे सांगते. थोड्याच वेळात सर्वांचे एकमत होते की, सर्वांत लहान क्रमांकाची पेटी ती प्रमुख. तीच झाडाचे मूळ. मग प्रत्येक पेटी प्रमुखाकडे जाणारे जवळचे दार उघडे ठेवते. प्रत्येक तारेवर प्रमुखाला जवळ असलेल्या एकाच दाराला बोलण्याचा हक्क मिळतो. बाकीची दारे बंद होतात.

बंद म्हणजे काय, ते मात्र नीट समजून घेतले पाहिजे. बंद दार निरोप पुढे नेत नाही, पण ते बहिरे नसते. प्रमुखाकडून दर दोन सेकंदांनी 'आहे' अशी हाक निघते आणि ती झाडाच्या सर्व फांद्यांवर पोहोचते. मुके दार ती ऐकत बसलेले असते. वीस सेकंदांत हाक आली नाही, की वाटेत काहीतरी तुटले असे ते ओळखते. तरी ते लगेच उघडत नाही. आधी पंधरा सेकंद फक्त ऐकते; पुढील पंधरा सेकंद कोण कोठे राहतो ते टिपते; आणि मगच वाहतूक सुरू करते. अशा रीतीने तीस ते पन्नास सेकंदांत राखीव रस्ता कामावर रुजू होतो. एवढी वाट का पाहावयाची? कारण तुटल्याची बातमी सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच कोणी घाईने दार उघडले, तर जुने आणि नवे दोन्ही रस्ते घटकाभर एकदम चालू राहतील आणि वादळ उठेल. पुढे २००१ साली याच रीतीची जलद आवृत्ती आली. तीत घड्याळाकडे पाहत बसण्याऐवजी दोन शेजारणी एकमेकींना विचारून, होकार घेऊन दार उघडतात. काम बहुधा काही सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर होते.

या रीतीत दोष नाहीत असे नाही. प्रमुख ठरतो तो लहान क्रमांकामुळे, लायकीमुळे नव्हे. क्रमांकाचा पहिला भाग माणसाने ठरवावयाचा असतो. पण बहुधा कोणी हात लावीत नाही, आणि तो सर्वत्र ३२७६८ असाच राहतो. मग निवड होते ती कारखान्यात कोरलेल्या पत्त्यावरून, आणि पुष्कळदा कोपऱ्यातील जुनाट, मंद पेटीच प्रमुख होऊन बसते. नेतृत्वाचा निर्णय न करणे हादेखील एक निर्णयच असतो, आणि तो बहुधा वाईट असतो. दुसरा दोष असा की, मुक्या तारा फुकट बसतात ही तक्रार खरी आहे. ती मनावर घेऊन पर्लमनबाईंनीच २००४ साली नवी रीत मांडली. तिच्यात निरोपावर मुक्कामांचा आकडा घातला, म्हणजे अनेक रस्ते एकदम वापरता यावेत. आपल्याच गाजलेल्या कामाची उणीव आपणच भरून काढावयास मोठे मन लागते.

आणि तिसरी गोष्ट: नियम आहे म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन शहरातील बेथ इझ्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणकांचे जाळे कोलमडले आणि सुमारे चार दिवस सावरले नाही. डॉक्टर आणि परिचारिका कागदावर आल्या. तपासण्यांचे निकाल माणसे पळत पोहोचवू लागली. प्रथम दिसले ते एका संशोधकाने जाळ्यावर सोडलेले माहितीचे मोठे ओझे. पण मुळाशी गेल्यावर आढळले की, जाळे तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले होते. ही रीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात पुलांचा हिशेब धरून बेतलेली आहे, आणि तेथे एका भागात ती मर्यादा ओलांडली गेली होती. झाड आपले आपल्यालाच सावरीना. आम्हांला विशेष वाटले ते पुढेच. तेथील संगणक विभागाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी त्या संशोधकाला पुढे करून आपण मागे उभे राहण्याची वाट धरली नाही. जाळ्याची रचनाच जुनी झाली होती हे त्यांनी उघड सांगितले, सारी हकीकत इतर रुग्णालयांच्या उपयोगासाठी प्रसिद्ध होऊ दिली, आणि जाळे नव्याने बांधले.

हे वाचले आणि आम्हांला चौकशीत काय विचारावयाचे ते कळले.

कंपनीचा साक्षीदार म्हणून संगणक विभागाचा एक तरुण अधिकारी आला होता. सज्जन होता. आम्ही विचारले, "कपाटातील स्विचमध्ये वर्तुळ ओळखून दार बंद करण्याची सोय आहे की नाही?" तो म्हणाला, "आहे." "ती सोय चालू असती तर या दोन खोबण्या जोडल्यावर काय झाले असते?" तो थांबला, आणि म्हणाला, "स्विचला आपलीच चिठ्ठी दुसऱ्या दारातून परत आलेली दिसली असती. त्याने ते दार बंद केले असते. कोणाला काही कळलेही नसते." "मग ती चालू होती काय?" नव्हती. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरून तक्रार आली होती की, सकाळी संगणक लावला की जाळे मिळावयास अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट म्हणजे ते पंधरा अधिक पंधरा सेकंद. वास्तविक संगणकांच्या दारांपुरती ती वाट टाळण्याची सोय त्याच स्विचमध्ये होती. पण कोणीतरी सोपा उपाय केला: सारी रीतच बंद केली. अर्ध्या मिनिटाचा कंटाळा वाचला, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी पाच तासांनी चुकती झाली. ती मागितली गेली मात्र झाडूवाल्याकडे.

हेतुपुरस्सर नुकसानीचा आरोप शाबीत झाला नाही. 'निष्काळजीपणा' म्हणून लेखी समज देऊन त्याला कामावर घेतले. ती समज काढून टाकण्यासाठी आम्ही भांडलो. ती निघाली नाही. कंपनीने ती सोय पुन्हा चालू केली आणि भिंतीवर पाटी लावली की, तारांना हात लावू नये. तो माणूस पुढे सहा वर्षांनी निवृत्त झाला. त्या सहा वर्षांत तो कचेरीतील पडलेली टाचणीदेखील उचलीत नसे. साहेबांना बोलावून दाखवी. हे नुकसान कंपनीच्या हिशेबात कोठेच लिहिलेले नाही, पण आमच्या मते पाच तासांच्या खोळंब्याहून ते मोठे आहे.

बंधुभगिनींनो, यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली राखीव माणसाविषयी. काटकसरीची लाट आली की हिशेबनीस प्रथम विचारतो, "हा दिवसभर काय करतो?" बदली कामगार, पाळीतील जादा माणूस, अग्निशामक पंपावरील दुसरा हात, यांच्यावर प्रथम कात्री चालते. त्या मुक्या तारेविषयी असेच विचारले तर उत्तर काय? ती ऐकते. दर दोन सेकंदांनी ऐकते, आणि हाक थांबली की उठते. हेच तिचे काम आहे, आणि ते काम ज्या दिवशी दिसते त्या दिवसाचीच सर्वांना भीती असते. मात्र आमच्या बाजूनेही हे लक्षात ठेवले पाहिजे की, राखीव म्हणजे निजलेला नव्हे. जो ऐकत नाही तो राखीव नाही, तो नुसताच रिकामा आहे.

दुसरी गोष्ट चुकीविषयी. पर्लमनबाईंना सांगितले होते की, पेटी वाटेल तशी जोडली तरी चालली पाहिजे. म्हणजे माणूस चुकेल हे गृहीत धरूनच त्यांनी यंत्र बांधले. माणूस चुकणार, थकणार, भलाईपोटी तार भलतीकडे खोचणार. आणि तरीही काम थांबता कामा नये, ही त्या विद्येची सुरुवात आहे. ज्या जागी एका झाडूवाल्याच्या हातून कारखाना बंद पडू शकतो, तेथे चौकशी झाडूवाल्याची करावयाची नसते. कपाट उघडून पाहावयाचे असते. आपण कोणी मालक असाल, कोणी अधिकारी असाल, कोणी आमच्यासारखे युनियनवाले असाल. पुढच्या वेळी काही बंद पडले आणि समोर एक घाबरलेला माणूस उभा असला, तर त्याच्याकडे बोट दाखविण्याआधी एवढे विचारा की, हे होऊ नये म्हणून जी सोय होती, ती कोणी आणि का बंद केली?